भागीकाकीची राखुंडी

माझी सून माझ्या राखुंडीच्या डब्यात हात घालते, हे मला डब्याच्या झाकणाने सांगितलं.

त्या झाकणाला एका बाजूला पोचा आहे. झाकण लावताना तो पोचा मी भिंतीकडे करते. का करते, तर करते. लग्न होऊन आल्यापासून करते. मे महिन्यातल्या एका सकाळी मागच्या पडवीत गेले, तर पोचा माझ्याकडे तोंड करून बसलेला. पहिल्या दिवशी वाटलं, मांजर असेल. दुसऱ्या दिवशी मांजरावरचा आळ काढून घेतला, कारण मांजर झाकण परत लावत नाही. तिसऱ्या दिवशी माडाच्या चुडतांच्या भाऱ्याआड जाऊन उभी राहिले आणि चोर मुद्देमालासकट पकडला.

प्रणाली उकिडवी बसलेली. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पुढ्यात सोनाराकडे असतो तसला इवलासा काटा.

"किती तोळे झाली?" मी विचारलं.

चमचा खाली पडला. ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"आई, थोडीशीच घेत होते."

"दात किती आहेत गो तुला? बत्तीसच ना? या पिशवीत वाडीतल्या सगळ्या म्हशींचे दात घासून होतील."

"दात घासायला नाही आई. बॅटरीला."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बॅटरीला दात नसतात, एवढं मला पहिलीतच कळत होतं. थट्टा करते म्हणावं, तर तोंड रडवेलं.

रुपेशचं आणि तिचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोघं पुण्याला. तो कारखान्यात, आणि ही कुठल्याशा मोठ्या संस्थेत शिकत होती. लग्नाआधीपासून शिकत होती ती अजून शिकतच होती. वाडीत कुणी विचारलं, सून काय करते, तर मी सांगायची, पास व्हायचं करते. त्या मे महिन्यात ती एकटीच आली, पंधरा दिवसांसाठी. मला वाटलं सासूची आठवण झाली. कसली सासू! डब्याची आठवण झाली होती.

"बस," मी म्हटलं. "आणि आधीपासून सांग. राखुंडी बॅटरीला कशाला लागते?"

ती पडवीच्या पायरीवर बसली. मी वर, पाटावर. अशा वेळी मी वरच बसते.

"आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक स्कूटर जळली, रुपेशनी सांगितलं ना तुम्हाला? विजेवरची. चार्जिंगला लावलेली होती. शेजारच्यांचं दार जळालं. माणसं वाचली."

"सांगितलं."

"त्याच जिन्यावरून मी रोज संस्थेत जाते. काय करायला, तर तसल्याच बॅटरीचं काम करायला. आग लागू नये आणि गरिबाला परवडावी, अशी बॅटरी."

मग तिने मला समजावलं. मी सांगते ते माझ्या समजुतीचं, चूक असलं तर माझं. बॅटरी भरायची म्हणजे तिच्यातला लिथियम नावाचा धातू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला राहायला येतो. वापरली की परत पहिल्या बाजूला.

"म्हणजे सासर-माहेर," मी म्हटलं.

"अगदी तसंच!"

"आणि रोज जा-ये? बरं चालवून घेतात सासरचे."

ती हसली. तेवढ्याने रडण्याचं मागे पडलं. "हे सासरचं घर मी बांधते आई. आत जागा कमी असली आणि घाईने पाहुणे आले, तर ते दाराबाहेर साठतात. त्यांचे काट्यांसारखे कोंब वाढतात. एखादा काटा पलीकडच्या बाजूला टोचला, की आग. आता भाताच्या तुसात वाळूच्या जातीचं काहीतरी असतं. तुसाने हात खरचटतो ना, ते त्यामुळे. त्याच्यात जागा भरपूर. पण पाहुणे शिरले की ते फुगतं, निघाले की आक्रसतं, आणि फुगून-आक्रसून त्याचा भुगा होतो. म्हणून त्याच्याभोवती कोळसा हवा. अगदी बारीक, डोळ्याला दिसणार नाही इतका एकजीव झालेला. मग ते फुगलं तरी कोळसा त्याला धरून ठेवतो."

"आणि तुसात दोन्ही आहे. जाळलं की कोळसा, आणि तुझी ती वाळू."

"हो! देवाने आधीच कालवून ठेवलंय. नुसतं नीट जाळायचं."

"एवढंच ना?"

"तीन वर्षं तेवढंच करतेय आई. जमत नाही." ती पुन्हा रडवेली झाली. "आमच्या भट्टीत जाळते, ती पूड वीस-पंचवीस फेऱ्यांत दम सोडते. गेल्या गणपतीत मी तुमची दोन चमचे राखुंडी नेली."

"म्हणजे हा दुसरा गुन्हा."

"तिचा सेल तीनशे फेऱ्या चालला. तीनशे! आमच्या वझे सरांना खरंच वाटत नाही. म्हणतात, एकदा झालं ते अपघाताने झालं, पुन्हा करून दाखव. शनिवारी ते घरच्यांना घेऊन वेळणेश्वराला चाललेत, वाटेत इथे येणार आहेत. मला माझ्या हाताने करून दाखवायचंय. नाही जमलं, तर तूस सोडून दुसरा विषय घ्यायचा. पहिल्यापासून." तिने माझ्याकडे वर बघितलं. "मला शिकवाल?"

आता मी खोटं कशाला सांगू. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुण्याची संस्था एकीकडे आणि माझा पोचा पडलेला डबा एकीकडे, आणि डबा जिंकला होता.

आमच्या तिन्ही वाड्यांत माझ्या राखुंडीचं नाव आहे. मखमलीसारखी काळी, बोटाला लावली तर खर लागत नाही. पोरी सासरी जाताना डबी भरून नेतात. दुसऱ्या बायका जाळतात तिची होते राखाडी, कचकच करणारी. त्या विचारायच्या, "भागीकाकी, तुझी अशी कशी होते गो?" मी हात पुढे करून दाखवायची. "याचा गुण." पस्तीस वर्षं मी हेच उत्तर देत आले होते.

तर मी शिकवलं. मडकं कुठलं घ्यायचं, तूस किती दाबायचं, तोंडाला परळ, म्हणजे मातीची ताटली, ठेवून वरून चिखल कसा लिंपायचा. चिखलाला चीर गेली तर आत वारा जातो आणि सगळं पांढरं होतं, हे सांगितलं. भोवती शेण्या कशा रचायच्या, धूर कुठल्या रंगाचा झाला की वर माती लोटायची, आणि थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही म्हणजे नाही, हेही सांगितलं. सगळं शिकवलं. एक सोडून.

मी तूस तसंच भरत नाही. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात. सालांची आमसुलं करायची, बियांचं तेल काढायचं. तेलासाठी बिया धुतल्या की जे लालभडक आंबट पाणी उरतं, ते सगळे टाकून देतात. मी त्या पाण्यात तूस भिजत घालते. न्हाणीमागे निळं पिंप आहे, त्यात. मग एकदा साध्या पाण्यातून काढायचं, वाळवायचं आणि पोत्यात भरून ठेवायचं. सुनेला मी जे तूस दिलं ते गिरणीतून आलेलं, कोरडं. माझ्या मडक्यात घातलं ते माझ्या पोत्यातलं. दोन्ही तुसं सारखीच दिसतात.

तिने विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. पहिल्यांदा मडकं भरताना, अगदी साधेपणाने.

"आई, तुसाला आधी काही करता का? कशात धुता, भिजवता?"

"भाताचं तूस ते. त्याला काय न्हाऊ घालायचं?"

"नाही, आम्ही संस्थेत कडक अ‍ॅसिडने धुऊन बघितलं होतं. त्याने फरक पडतो. पण ते विषारी पाणी पुढे टाकायचं कुठे? खर्चही फार. सर म्हणाले, अशाने बॅटरी स्वस्तही होणार नाही आणि नदीही मरेल."

"आमच्याकडे नाही बाई असलं काही," मी म्हटलं आणि चिखल जरा जास्तच जोराने थापला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मडकी उघडली. माझं काळं कुळकुळीत. तिच्या मडक्यात करड्या गुठळ्या, आणि त्यात मध्ये मध्ये काचेसारखं चकचकणारं. ती एक गुठळी उचलून उन्हात धरून बघत बसली.

नेमकी त्या वेळी कुंपणापलीकडून तारा डोकावली. तारा माझी धाकटी जाऊ. चूल वेगळी, अंगण वेगळं, मधे कुडाचं कुंपण. पण तिचं नाक त्या कुंपणाने कधी मानलं नाही.

"काय गो प्रणाली, सासूने शिकवलं ना नीट?"

"शिकवलं हो काकी. माझ्याच हाताला येत नाही."

"येईल येईल." तारा माझ्याकडे बघत म्हणाली. "वैनी, सगळं दाखवलंत ना हिला? का काही विसरलात? वय झालं, माणूस विसरतं."

"तुझी आमसुलं कावळे नेतायत, ती बघ," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी प्रणालीने दुसऱ्यांदा विचारलं. भाकरी थापत होते. ती ताट घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, खरंच काही नाही ना?"

"माझ्या हाताचा गुण आहे तो. सगळ्यांनाच सगळं येत नाही."

"बरं," ती म्हणाली. भाकरी खाल्ली, भांडी घासली. पुढचे चार दिवस गुमान मडक्यावर मडकं लावत राहिली, चिखल कमी करून, शेण्या जास्त घालून, तूस चाळून. दर वेळी करड्या गुठळ्या. तिची नखं काळी झाली, डोळे धुराने लाल झाले. मी तिला ताक नेऊन द्यायची आणि मनात म्हणायची, आज सांगू. मग गिरणीवाल्याची बायको यायची आणि म्हणायची, "पुण्याची शिकलेली, पण भागीकाकीची सर नाही हो!" की माझं तोंड पुन्हा बंद.

शनिवारी सर आले. गाडी रस्त्याला ठेवून पाणंदीने चालत, टक्कल पुसत. मी समजत होते, कोणी धिप्पाड साहेब असेल. हे आपले काडीसारखे, चपला बाहेर काढून आत येणारे. त्यांचं कुटुंब ओटीवर बसलं आणि सर मागच्या पडवीत. मी सरबत दिलं. वाडीतल्या पाच-सहा बायका काही ना काही मागायच्या निमित्ताने आल्या होत्या. तारा मात्र निमित्त न करता आली, सरळ कुंपणातून.

सरांनी माझी राखुंडी दोन बोटांत घेऊन चोळली. चष्मा कपाळावर चढवून बघितली. मग प्रणालीची. तिची पाचही मडकी ओळीने मांडलेली होती.

"प्रणाली," ते हळूच म्हणाले, "हे तर आपल्या भट्टीतल्यासारखंच आहे."

"हो सर."

"आणि आईंची पद्धत हीच?"

"पद्धत हीच सर. आई म्हणतात, हाताचा गुण आहे."

बायकांनी माना डोलावल्या. मी पदर सारखा केला. सर माझ्याकडे वळले आणि हात जोडले. खरोखरचे जोडले, वरवरचे नव्हेत.

"आई, तुमच्या हाताला माझा नमस्कार. पण एक सांगतो, रागावू नका. जे एकाच माणसाच्या हातून होतं आणि दुसऱ्याच्या हातून होत नाही, त्याचा आम्हाला उपयोग नाही. तुम्ही किती स्कूटरींना पुरणार? कुठल्याही गावातल्या, कुठल्याही बाईने केलं तरी तसंच व्हायला हवं, तर ते काम. नाहीतर ते कौतुक." मग प्रणालीला म्हणाले, "प्रयत्न चांगला केलास. पुढच्या आठवड्यात ये, नवीन विषय ठरवू. हा इथे थांबवू या."

"हो सर," प्रणाली म्हणाली.

रडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. खाली बसून पाच मडकी एकात एक घालायला लागली. मातीवर माती घासल्याचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

मी आयुष्यभर हात दाखवून मान घेतला. आणि हा काडीसारखा माणूस त्याच हाताला नमस्कार करून सांगत होता, की तुझ्या एकटीचा आहे म्हणून तो कुचकामी आहे. मला राग आला. कुणाचा आला ते कळेना. सर सरबताचा पेला खाली ठेवून उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं.

ते बसले.

"त्या पेल्यात काय होतं?"

"कोकम सरबत."

"त्याच्या बिया धुतलेल्या पाण्यात मी तूस भिजवते. एक दिवस आणि एक रात्र. मग जाळते. हाताबिताचा काही गुण नाही. हिला मी कोरडं तूस दिलं होतं."

गिरणीवाल्याच्या बायकोचं तोंड उघडंच राहिलं. सर मात्र उभे, आणि त्यांचं टक्कल लाल झालं.

"आंबट पाणी! प्रणाली, आंबट! म्हणजे अ‍ॅसिडच, पण फळातलं! तुसातलं पोटॅश त्याने निघून जात असणार. ते राहिलं तर तापल्यावर वाळू वितळते आणि काच होते. या बघ तुझ्या गुठळ्या! आणि हे पाणी तुम्ही एरवी टाकून देता?"

"माडाच्या मुळात."

"आणि माड मरत नाही!" सर एवढ्या आनंदाने ओरडले, की ओटीवरून त्यांची बायको बघायला आली. त्यांनी खिशातून वही काढली, पेन काढलं. "आई, हे सगळं नीट लिहून घेतो. ही कल्पना कुणाची? तुमचीच ना? नाव घालावं लागतं."

आता इथे मी 'माझी' म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. जिला कळलं असतं ती कुंपणाला टेकून उभी होती, पदराचं टोक दाताखाली धरून. तोंडी थाप मारणं वेगळं. ती वाऱ्यावर जाते. पण तो माणूस पेन उघडून बसला होता, आणि शाईत खोटं लिहून घ्यायचं माझ्याने होईना.

"हिची," मी म्हटलं आणि ताराकडे बोट केलं. "तारामती भुवड. लिहा. लग्न होऊन आली त्या वर्षी हिने चुकून तुसाची पाटी बियांच्या पाण्यात उलटी केली. मी हिला अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढी बोलले. तर ही म्हणाली, वैनी, वाळवून जाळू या, फुकट कशाला घालवायचं. जाळलं, आणि ती तशी झाली. मी थोरली होते. राखुंडी माझ्या नावावर गेली, ती जाऊ दिली."

तारा पुढे आली. मला वाटलं, आता ही रडते का काय. पण ती आमच्या घरातली आहे.

"पस्तीस वर्षं, वैनी," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं त्या रागापायी मी विकतची पेस्ट लावते. तिने माझ्या तोंडाची चव गेली!"

आधी सर हसले, मग बायका, मग मडक्यांपाशी बसलेली प्रणाली. हसता हसता ती डोळे पुसत होती आणि नखांचं काळं तिच्या गालभर लागत होतं.

सर वेळणेश्वराला जाऊन मंगळवारी परत आले. तोवर प्रणालीने पिंपातलं तूस स्वतःच्या हाताने काढलं, वाळवलं, भरलं, लिंपलं. दुसरं मडकं तिने ताराकडून लिंपून घेतलं आणि तिसरं गिरणीवाल्याच्या बायकोकडून. म्हणाली, तीन हात हवेत. सरांच्या पुढ्यात तिन्ही उघडली. तिन्ही काळी कुळकुळीत. गिरणीवाल्याच्या बायकोने स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघितला. मला तेवढं मात्र झोंबलं.

तीन हातांनी केलेली ती राखुंडी घेऊन प्रणाली पुण्याला गेली. मी पावसाच्या आधी पडवी आवरायला घेतली. माझं भिजवलेल्या तुसाचं पोतं झटकताना आतून एक कागदाची पट्टी पडली. बोटभर लांब, गुलाबी. मला वाटलं, एसटीचं तिकीट. पण मागे बारीक अक्षरात तारीख होती. अक्षर प्रणालीचं आणि तारीख अकरा मे. मी ती पट्टी कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली. काय ते कळत नव्हतं, पण तारखा मला कळतात.

गणपतीला दोघं आली. रुपेश सामान उतरवतोय तोवर प्रणालीने पिशवीतून एक छोटासा दिवा काढला आणि मखरात मूर्तीच्या बाजूला ठेवला. बटण दाबलं. सुपारीएवढा उजेड, पण घट्ट.

"यात तुमच्या आणि ताराकाकींच्या रीतीची राखुंडी आहे," ती म्हणाली. "तीन हातांच्या तीन राखुंड्या. पाचशे फेऱ्या झाल्या, अजून चालू आहे. सरांनी विषय कायम केला. अजून खूप करायचंय, हे नुसतं पहिलं पाऊल. पण चालतं, आई."

तारा आमच्याच स्वयंपाकघरात मोदकांचं खोबरं खवत होती. कुंपणाला आता फाटक केलं होतं. ती विळी सोडून बघायला आली आणि त्या दिव्याला तिने हात जोडले. गणपतीला नंतर.

मी प्रणालीला मागच्या पडवीत बोलावलं. कॅलेंडरमागची पट्टी काढून तिच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

ती त्या पट्टीच्याच रंगाची झाली.

"लिटमस. कागद असतो एक, निळा. आंबटात बुडवला की गुलाबी होतो."

"आणि हा माझ्या पोत्यात कसा गेला?"

"तुम्ही न्हाणीमागून ओल्या तुसाची पाटी आणताना मी बघितलं होतं. वाळत घातलेलं मूठभर घेतलं, पट्टी त्यात दाबली आणि तुमची चाहूल लागली तशी ती तिथेच..."

"तारीख अकरा मे. तुझे सर आले त्याच्या पाच दिवस आधीची."

"हो."

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं."

"हो आई."

"मग मडक्यामागे मडकी कसली जाळत होतीस?"

"तुम्ही दिलेल्या तुसाने जमतं का, ते बघत होते. जमलं असतं तर तुमचं गुपित तुमच्यापाशीच राहिलं असतं."

"आणि सर तो विषय गुंडाळायला निघाले, तेव्हा? तोंडात काय सुपारी धरली होतीस?"

तिने खाली बघितलं. पण बोलली ती स्वच्छ बोलली.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुम्ही दोनदा नाही म्हणालात. राखुंडी उचलली ती उचलली, ती चूकच. पण जे तुम्ही द्यायचं नाही ठरवलंत, ते मी सरांना कशी देऊ? ती राखुंडी नव्हती. तो तुमचा मान होता."

"आणि मी नसते बोलले तर?"

"सर गाडीत बसेपर्यंत थांबणार होते. मग तुमचे पाय धरणार होते."

"पाय?"

"दोन्ही."

आठ वर्षं झाली त्याला. आता तिच्या नावाआधी डॉक्टर लागतं. तारा रोज सकाळी माझ्याकडे राखुंडी मागायला येते आणि तुमच्यापेक्षा माझी बारीक होते म्हणून वाद घालते. पण त्या दिवशी पडवीत पुढे काय झालं ते राहिलंच. ती उभी आणि मी पाटावर. मग मी उठले. डबा उचलला, झाकण काढून आत बघितलं, परत लावलं आणि तिच्या हातात दिला.

"ऐक," मी म्हटलं. "मे महिन्यापासून मी तुला मनातल्या मनात चोर म्हणत आले, ते परत घेते. तू चोर नाहीस. तीन वर्षं वाहून जाताना दिसतात आणि तरी तोंड उघडत नाहीस, म्हणजे तू गर्विष्ठ आहेस. माझ्यापेक्षाही. एवढा गर्व या घरात आजवर माझ्या एकटीजवळ होता आणि तो कुणाला द्यावा ही मला काळजी होती. आता हा डबा तुझा. फक्त झाकण लावताना पोचा भिंतीकडे करायचा."